रंगपंचमीचा मेसेज आणि तीन महिने

नाशिकच्या सातपूरमधल्या एका कारखान्यातल्या ताईंचं चार पानी पत्र आलंय. संक्रांतीला तिळगूळ देताना सुपरवायझरने हात धरून ठेवला. एचआरला तोंडी सांगितलं, ते 'बघतो' म्हणाले. एप्रिलमध्ये यांचीच शिफ्ट बदलली. आता मे संपत आल्यावर विचारतायत, तक्रार करता येईल का? अशी पत्रं नेहमीची झालीत.

ताई, हा छळ आहे की नाही यावर मी शाई घालवत नाही. तुमचं घोडं अडतं ते कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013च्या कायद्याच्या कलम 9वर. तक्रार लेखी हवी आणि शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत हवी. एचआरच्या केबिनमधलं बोलणं तक्रारीत धरत नाहीत. संक्रांतीपासून मोजलं तर मुदत एप्रिलच्या मध्यालाच गेली. शिफ्ट बदलली म्हणून ती पुढे सरकेल या भरवशावर राहू नका. सप्टेंबर 2025मध्ये कोलकात्याच्या विधी विद्यापीठाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नंतरचे प्रशासकीय निर्णय छळाची पुढची कडी मानले नाहीत. तक्रार मुदतबाह्य ठरली.

पण तिसऱ्या पानावर, जाता जाता, तुम्ही लिहिलंय: 'रंगपंचमीला "रहाडीत माझ्याबरोबर धप्पा मारायला येतेस का" असा मेसेज आला, मी डिलीट केला.' (रहाड म्हणजे रंगाच्या पाण्याचा हौद, धप्पा म्हणजे त्यात उडी.) अहो, हीच तर शेवटची घटना! तिथून तीन महिने मोजलं तर जूनमधल्या त्याच तारखेपर्यंत तुम्ही मुदतीत आहात. आणि नेमका तोच मेसेज पुसलात. मैत्रिणीला स्क्रीनशॉट पाठवला होता का? बॅकअप तपासा. नाहीच सापडला तर आठवेल तसा मजकूर, तारखेसह लिहा. कागदपत्रं मागवायचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार तक्रारीची चौकशी करणाऱ्या समितीला आहेत.

माणूस एकच, म्हणून दोन्ही घटना एका मालिकेतल्या म्हणून मांडा. समितीला ते पटेलच असं नाही. त्यामुळे त्याच अर्जात उशिराचं कारण देऊन मुदतवाढही मागा, ती आणखी तीन महिन्यांपर्यंत मिळू शकते. बदली किंवा रजा हवी असेल तर तेही लेखी मागा. पोलिसांत जायचं का, हे कागद पाहिल्याशिवाय सांगणार नाही.

चौकशी 90 दिवसांत संपावी असं कायदा म्हणतो. मी वर्षभर रेंगाळलेल्या पाहिल्यात.

अर्ज सहा प्रतींत, अंतर्गत समितीकडे. समितीच नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. याच आठवड्यात द्या, आणि सातवी प्रत स्वतःजवळ ठेवून तिच्यावर तारखेसह शिक्का घ्या.