फोकस कॅमेऱ्याने की हाताने? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रोडवर ढोल-ताशा पथकांचे फोटो काढतो. कॅमेरा कॅनन १५००डी, सोबत १८-५५ची किट लेन्स आणि ५० एमएम १.८. गर्दीत फोकस भलतीकडेच बसतो. मित्र म्हणतात, सरळ मॅन्युअलवर (हाताने फोकस) टाक. टाकू का? (एक वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर : ५० एमएमवर तरी टाकू नका. १.८ ॲपर्चरला (ॲपर्चर म्हणजे लेन्सच्या आतलं छिद्र; आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं आणि प्रकाश जास्त) ३ मीटरवरच्या वादकाच्या पुढेमागे मिळून जेमतेम २५ सेंटिमीटर भाग शार्प येतो. ठेका धरून तो एक पाऊल पुढे आला की गेला फोकसबाहेर. तेवढ्या वेगाने लेन्सवरची फोकसची रिंग फिरवणं भल्याभल्यांना जमत नाही. तुमची अडचण बहुधा वेगळी आहे. नऊही फोकस बिंदू चालू ठेवलेत, त्यामुळे मध्ये आलेला ध्वज किंवा पुढच्याचा हात कॅमेरा आधी पकडतो. फक्त मधला बिंदू निवडा. या कॅमेऱ्यात तोच तेवढा क्रॉस प्रकारचा आहे, म्हणजे उभ्या-आडव्या दोन्ही रेषा ओळखणारा. मोड एआय सर्व्हो (हलत्या वस्तूवर फोकस सतत जुळवत राहणारा) ठेवा आणि बिंदू चेहऱ्यावरून हलू देऊ नका.

मॅन्युअलचा खरा उपयोग दिवसा, किट लेन्सवर. १८ एमएम, ॲपर्चर एफ ८. दोन मीटरवरच्या कशावरही ऑटोफोकस करा, मग लेन्सवरचं बटण एएफवरून एमएफवर सरकवा. आता साधारण एक मीटरपासून पार लांबपर्यंत सगळं ठीकठाक शार्प येईल, आणि हात उंच करून न बघता फोटो काढता येतील. मात्र झूमला हात लावू नका, कारण किट लेन्समध्ये झूम बदलला की फोकसही सरकतो. शिवाय या लेन्सची पुढची रिंगच फोकसची आहे, गर्दीत धक्का लागून ती फिरते. अधूनमधून तपासा. अंधार पडल्यावर एफ ८ परवडणार नाही, तेव्हा पुन्हा ऑटोफोकस.

प्रश्न : वेल्ह्याला, तोरण्याच्या पायथ्याशी जाऊन आकाश टिपायचं आहे. मिररलेस कॅमेरा, १६-५० लेन्स. ऑटोफोकस चाचपडत राहतो. रिंग शेवटपर्यंत फिरवली तरी तारे फुगलेलेच येतात. (एक वाचक, धायरी)

उत्तर : शेवटपर्यंत फिरवली म्हणूनच फुगतात. बहुतेक ऑटोफोकस लेन्सची रिंग अनंताच्या, म्हणजे खूप लांबच्या गोष्टी शार्प येतात त्या जागेच्या, थोडी पुढे जाते. उष्णतेने लेन्सचे भाग प्रसरण पावतात आणि मोटरलाही नेमकी जागा शोधायला पुढेमागे वाव लागतो, म्हणून ही सोय मुद्दाम ठेवलेली असते. अनंताच्या खुणेवरही त्यामुळे डोळे झाकून विसंबता येत नाही.

कॅमेरा ट्रायपॉडवर लावा, स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद करा. आधी झूम १६वर ठरवून घ्या, ॲपर्चर पूर्ण उघडा. मग व्याध किंवा गुरू, जे दिसत असेल ते चौकटीच्या मधोमध आणा. दोन्ही नसतील तर काहीशे मीटर लांबचा दिवाही चालतो. स्क्रीनवर मोठं करून बघण्याची सोय असते, ती १० पट किंवा असेल तितकी वापरा. रिंग हळू फिरवा : ठिपका लहान होत जाईल आणि एका जागेनंतर पुन्हा मोठा व्हायला लागेल. तिथून मागे या. ठिपका सगळ्यांत बारीक होतो तीच जागा. फोकस पीकिंगच्या (शार्प कडांना रंग देऊन दाखवणारी सोय) रंगीत कडांवर इथे भरवसा नको, किंचित फुगलेल्या ताऱ्यालाही त्या रंग देतात.

आता आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ३२००, १५ ते २० सेकंदांचा एक फोटो काढा आणि तो मोठा करून बघा. १६ एमएमला यापेक्षा जास्त वेळ शटर उघडं ठेवलं तर तारे रेघेसारखे ओढले जातात. तो दोष फोकसचा नव्हे.

जुन्या पद्धतीच्या लेन्सवर रिंगला चिकटपट्टी लावून टाकावी. तुमच्यासारख्या लेन्समध्ये मात्र रिंगचा भिंगांशी थेट संबंध नसतो, ती मोटरला फक्त इशारा देते. कॅमेरा बंद केला की अशा अनेक लेन्स फोकसची जागा विसरतात. बॅटरी बदलली की पुन्हा ताऱ्यावर फोकस करायचाच. हिवाळ्यात मध्यरात्रीनंतर सगळेच फोटो मऊ (किंचित धूसर) यायला लागले तर रिंगला हात लावण्याआधी लेन्सवर टॉर्च मारून बघा. बहुतेकदा दव असतं.

प्रश्न : कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात जाळीवरच फोकस बसतो. (एक वाचक, बिबवेवाडी)

उत्तर : इथे मॅन्युअलच. लांब पल्ल्याची लेन्स, ॲपर्चर पूर्ण उघडं, आणि प्राणी जाळीपासून दूर गेल्यावर फोटो. उन्हात चमकणारी जाळी फोटोवर पांढुरका पडदा आणते, म्हणून सावलीतला भाग शोधा.

प्रश्न : निकॉन डी५६००वर जुनी ५० एमएम १.८डी लेन्स लावली, ऑटोफोकस होतच नाही. हाताने केला तर व्ह्यूफाइंडरमध्ये स्पष्ट दिसतं आणि फोटो मऊ येतो. चष्मा आहे. (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : लेन्स बिघडलेली नाही. ही लेन्स कॅमेऱ्यातल्या मोटरवर चालते आणि डी५६००मध्ये ती मोटर नाही.

आधी व्ह्यूफाइंडरशेजारचं डायॉप्टरचं (व्ह्यूफाइंडर डोळ्याच्या नंबराला जुळवणारं) चाक चष्म्यासकट जुळवा. समोरच्या दृश्याकडे बघून नव्हे, तर खालचे आकडे रेखीव दिसेपर्यंत. तरीही १.८ला डोळ्यावर विसंबू नका. आजच्या डीएसएलआरचा फोकसिंग स्क्रीन (व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र उमटतं ती काच) साधारण २.८ ॲपर्चरला जेवढा भाग शार्प येतो तेवढा दाखवतो, म्हणून प्रत्यक्षापेक्षा जास्त भाग शार्प वाटतो. व्ह्यूफाइंडरच्या डाव्या कोपऱ्यातला फोकसचा ठिपका वापरा. रिंग दोन्ही बाजूंनी फिरवून तो कुठे लागतो आणि कुठे विझतो ते बघा, आणि त्याच्या मधोमध थांबा. वस्तू जागची हलणार नसेल तर लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर) मोठं करून फोकस करणं याहून अचूक.