‘गंडरादित्य’ या नावाचा अर्थ व उगम काय, आणि ते आज मुलाला ठेवावे का?

‘गंड’ हा मूळ कन्नड शब्द असून त्याचा अर्थ शूर पुरुष असा होतो. ‘गंडर’ हे त्याचे षष्ठीचे अनेकवचन, म्हणून गंडरादित्य म्हणजे वीरांमधला सूर्य. कोल्हापूर-मिरज भागाचा राजव्यवहार बाराव्या शतकाच्या सुमारास बराचसा कन्नडमधून चाले, त्यामुळे असे कन्नड-संस्कृत मिश्र नाव इथे परके मुळीच नव्हते.

हे नाव धारण करणारा कोल्हापूरच्या शिलाहार घराण्यातला राजा बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात होऊन गेला. त्याने मिरज प्रांतात ‘गंडसमुद्र’ नावाचा तलाव खोदवून त्याच्या काठी शिव, बुद्ध आणि जिन (जैन तीर्थंकर) या तिघांच्याही मूर्ती स्थापन केल्या व प्रत्येकासाठी जमीन दान दिली, असे त्याच्या शके १०३२, म्हणजे इ.स. १११० च्या ताम्रपटात नोंदलेले आहे. माझ्या मते या नावाचे खरे मोल अर्थापेक्षा या दानात आहे. पन्हाळ्याशी ज्याचे नाव जोडले जाते तो दुसरा भोज त्याचाच नातू. दहाव्या शतकातील एका चोळ राजाचेही नाव गंडरादित्य होते.

आज हे नाव अत्यंत विरळ आहे; लोक नुसते आदित्य किंवा विक्रमादित्य ठेवतात. त्याचे एक कारण उघड आहे: मराठी कानाला ‘गंड’ म्हटले की न्यूनगंड किंवा गंडवणे आठवते, आणि शाळेतली मुले ते सोडणार नाहीत. एवढ्यासाठी कचरत असाल, तर शिलाहार गंडरादित्याच्या मुलाचे, विजयादित्य हे नाव जरूर विचारात घ्यावे.