आयेल्ट्स (परदेशी शिक्षणासाठी द्यायची इंग्रजीची परीक्षा) रीडिंगमध्ये २३-२४ च्या पुढे गुण जात नाहीत. सराव कसा करावा?

तुम्ही लिहिलंय की दोन महिने रोज एक टेस्ट सोडवताय, अकॅडमिक रीडिंगमध्ये ४० पैकी २३-२४ येतात आणि विद्यापीठाला बँड ७ (९ पैकी श्रेणी) हवाय. म्हणजे साधारण ३० उत्तरं बरोबर यायला हवीत (२३ ला ६, ३० ला ७, ३५ ला ८, प्रश्नपत्रिकेनुसार थोडं इकडेतिकडे होतं). अंतर सहा-सात प्रश्नांचं आहे. रोजची टेस्ट आधी बंद करा. उत्तरं ताडली, बेरीज केली आणि दुसऱ्या दिवशी पुढची टेस्ट उघडली, की चुकलेले सोळा प्रश्न तसेच मागे पडतात. शिकण्यासारखं जे होतं ते त्या सोळांतच होतं.

एक टेस्ट तीन दिवस पुरवा.

पहिल्या दिवशी घड्याळ लावून ६० मिनिटं, तीन उतारे, ४० प्रश्न. उत्तरं तपासायची नाहीत. ज्या प्रश्नांबद्दल खात्री नव्हती त्यांच्यापुढे फक्त खूण करा.

दुसऱ्या दिवशी तोच पेपर, दुसऱ्या रंगाचं पेन, घड्याळ नाही. प्रत्येक उत्तरासाठी उताऱ्यातली नेमकी ओळ अधोरेखित करून तिच्याशेजारी प्रश्नाचा क्रमांक लिहा. ओळ सापडत नसेल तर ते उत्तर अंदाजाने आलेलं आहे, मग ते बरोबर असलं तरी. यानंतरच उत्तरसूची उघडा आणि दोन्ही दिवसांचे गुण वेगवेगळे मोजा. पहिल्या दिवशी २४ आणि दुसऱ्या दिवशी ३३ आले, तर इंग्रजी पुरेसं आहे, वेळ कमी पडतोय. दोन्ही दिवशी २४-२६ च येत असतील, तर वेग वाढवण्याच्या युक्त्यांमागे लागू नका. वाक्यच नीट समजत नाहीये. या दोन दुखण्यांची औषधं वेगळी आहेत आणि बहुतेक लोक पहिल्याचं औषध दुसऱ्यावर घेत राहतात.

तिसरा दिवस वहीचा. चार रकाने आखा: प्रश्नातला शब्द, त्याच अर्थाचा उताऱ्यातला शब्द, माझं उत्तर, चूक होण्याचं कारण. कारण चारपैकी एक असतं. शब्द माहीत नव्हता, वाक्याची रचना कळली नाही, चुकीच्या परिच्छेदात शोधत बसलो, किंवा सूचना न वाचता घाई केली. पाच-सहा टेस्टनंतर वहीच सांगते कुठलं कारण वारंवार येतंय.

पहिले दोन रकाने सगळ्यांत मोलाचे. आपल्याकडे शाळेत उताऱ्यावरचे प्रश्न सोडवताना प्रश्नातला शब्द उताऱ्यात हुडकायचा आणि ती ओळ उतरवून काढायची सवय लागते. आयेल्ट्समध्ये तोच शब्द सहसा दुसऱ्या रूपात येतो, आणि जिथे हुबेहूब तोच दिसतो तिथे अनेकदा सापळा असतो. नावं, सालं आणि तांत्रिक संज्ञा मात्र बदलत नाहीत, म्हणून जागा शोधायला त्या वापरा.

शाळेतली दुसरी सवय ‘ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन’मध्ये (दिलेलं विधान उताऱ्याप्रमाणे बरोबर, चूक की उताऱ्यात दिलेलंच नाही, हे ठरवायचे प्रश्न) नडते. शाळेत चूक की बरोबर एवढंच विचारतात, त्यामुळे उताऱ्यात जे नाही ते चूक असं डोक्यात बसलेलं असतं. समजा उताऱ्यात आहे: ‘१९६० च्या दशकात गावातल्या बहुतेक मच्छीमारांनी इंजिनाच्या होड्या घेतल्या, काही कुटुंबं मात्र शिडाच्या होड्यांवरच राहिली.’ विधान एक: त्या दशकात गावातल्या सगळ्या मच्छीमारांनी इंजिनाच्या होड्या घेतल्या. हे फॉल्स, कारण ते खोडून काढणारी ओळ बोट ठेवून दाखवता येते. विधान दोन: इंजिनाची होडी शिडाच्या होडीपेक्षा महाग होती. ही गोष्ट व्यवहारात कितीही पटली तरी उताऱ्यात किमतीबद्दल अवाक्षर नाही, म्हणून नॉट गिव्हन. कसोटी एकच: खोडून काढणारी ओळ दाखवता आली तर फॉल्स, नाहीतर नॉट गिव्हन. विधानातले ‘ऑल’, ‘ओन्ली’, ‘मोस्ट’, ‘फर्स्ट’ यांसारखे शब्द आधी गोल करा. आणि सूचनेत ‘येस, नो’ असेल तर ‘ट्रू, फॉल्स’ लिहू नका. तिथे लेखकाचं मत किंवा दावा विचारलेला असतो.

वाक्यरचनेची चूक जास्त होत असेल तर एक साधा व्यायाम. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे लांब इंग्रजी वाक्यात कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये ‘विच’ किंवा ‘हू’ने सुरू होणारी दोन ओळींची पुरवणी आली की आपला धागा सुटतो. दोन स्वल्पविरामांमधला मजकूर बोटाने झाका, उरलेलं वाचा, मग बोट काढा. रोज दहा वाक्यं पुरेत. नकार लपवणाऱ्या शब्दांची वेगळी यादी ठेवा: ‘हार्डली’, ‘अनलेस’, ‘फेल टू’, ‘फार फ्रॉम’, ‘रादर दॅन’. ‘ऑल बट’ म्हणजे ‘जवळजवळ’; त्याचं ‘सगळे, पण’ केलं की अख्खं वाक्य उलटं होतं.

वेळेचं गणित. उतारे क्रमाने अवघड होत जातात, म्हणून २०-२०-२० ऐवजी १६-२०-२४ मिनिटं धरा. एका प्रश्नाला सरासरी दीड मिनिट मिळतं. दोन मिनिटं उलटली की अंदाजे उत्तर लिहा, खूण करा आणि पुढे चला. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही जागा रिकामी सोडण्यात अर्थ नाही. एका उताऱ्यातही क्रम बदलता येतो. ट्रू-फॉल्स आणि वाक्य पूर्ण करा यांची उत्तरं सहसा उताऱ्याच्या क्रमाने येतात, ती आधी घ्या. ‘कुठल्या परिच्छेदात ही माहिती आहे’ हा प्रकार क्रमाने येत नाही. तो पहिला छापलेला असला तरी शेवटी सोडवा, तोवर उतारा ओळखीचा झालेला असतो.

परिच्छेदांना शीर्षकं जुळवायच्या प्रश्नात परिच्छेदांपेक्षा शीर्षकं जास्त दिलेली असतात. नुसतं पहिलं वाक्य वाचून जोडी लावली की फसगत होते, कारण ‘हाउएव्हर’ किंवा ‘येट’नंतर परिच्छेद वळण घेतो आणि खरा मुद्दा तिथे असतो. याच्या सरावाला टेस्ट लागतच नाही. विज्ञान किंवा इतिहासावरचा ८००-९०० शब्दांचा कुठलाही इंग्रजी लेख घ्या (परीक्षेतला उतारा साधारण तेवढाच असतो) आणि प्रत्येक परिच्छेदाशेजारी पाच-सहा शब्दांत, मराठीत, मुद्दा लिहा. मराठीत मुद्दाम, कारण इंग्रजीत लिहायला गेलं की आपण परिच्छेदातलेच शब्द उचलतो आणि समजलं असं वाटत राहतं.

टेस्ट केंब्रिजने छापलेल्या प्रश्नपत्रिकांच्याच घ्या. एका पुस्तकात चार असतात, म्हणजे या पद्धतीने दोन आठवडे पुरतात. मोबाइलवरच्या फुकट टेस्टमध्ये ‘नॉट गिव्हन’ची विधानं अनेकदा ढिसाळ असतात आणि त्यावर सराव केला की कसोटीच बिघडते. पुस्तक अकॅडमिकचं आहे ना ते पाहून घ्या, जनरल ट्रेनिंगचं (नोकरी किंवा स्थलांतरासाठीचा प्रकार) वेगळं येतं आणि तिथे ३० गुणांना साधारण ६ च मिळतात.

रिकाम्या जागा भरताना जाणारे गुण सर्वांत आधी वाचवता येतील. ‘दोनपेक्षा जास्त शब्द नकोत’ असं असताना तीन लिहिले की गुण गेला; जोडरेषेने जोडलेला शब्द एक धरतात. शब्द उताऱ्यातून जसाच्या तसा उतरवा, कारण स्पेलिंग चुकलं तरी गुण जातो. शेवटच्या ‘एस’कडे खास लक्ष द्या. मराठीत आपण ‘दोन टेस्ट’, ‘चार बस’ म्हणतो, तोच कान इंग्रजी अनेकवचनाचा एस गाळतो. कागदावर परीक्षा देणार असाल तर उत्तरं थेट उत्तरपत्रिकेवरच लिहायची सवय करा: लिसनिंगला उतरवून घ्यायला दहा मिनिटं वेगळी मिळतात, रीडिंगला मिळत नाहीत. संगणकावर देणार असाल तर निदान शेवटच्या चार टेस्ट पडद्यावरच सोडवा. तिथे उतारा डावीकडे आणि प्रश्न उजवीकडे असतात, आणि पेन्सिलीने अधोरेखित करायची सवय असलेल्यांना माउसने ओळ रंगवायला सुरुवातीला वेळ लागतो.