प्लगइन की ब्राउझरचीच स्क्रिप्ट?

प्रश्न : आमच्याकडे गोदामातल्या स्टॉकचं वेब ॲप्लिकेशन आहे, सिल्व्हरलाइट या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या प्लगइनवर (ब्राउझरला बाहेरून जोडायच्या सॉफ्टवेअरवर) केलेलं. आता ते दोनच मशीनवर एज ब्राउझरच्या आयई मोडमध्ये, म्हणजे जुन्या इंटरनेट एक्सप्लोररसारखं चालायच्या सोयीत, कसंबसं चालतं. नव्याने करायचं ठरलंय. एक वेंडर म्हणतो आमचं स्वतःचं प्लगइन आहे, प्रत्येक मशीनवर एकदा टाकलं की बारकोड स्कॅनर आणि वजनकाटा दोन्ही जोडले जातात, काम पण लवकर होईल. दुसरा म्हणतो सगळं जावास्क्रिप्टमध्येच, म्हणजे ब्राउझरच्या स्वतःच्या भाषेतच करू, त्याला वेळ जास्त लागतोय. वरच्यांना पहिला पटलाय. काय करावं?

उत्तर : दुसऱ्याला काम द्या. वेळ जास्त लागला तरी द्या, आणि हे मी अगदी मनापासून सांगतोय, कारण तुम्ही आत्ता ज्या खड्ड्यात आहात तो खड्डा प्लगइननेच खणलाय.

अर्थात ज्याने तेव्हा सिल्व्हरलाइट निवडलं त्याचं काही चुकलं नव्हतं हो. २००७ मध्ये सिल्व्हरलाइट आलं तेव्हा ब्राउझरला स्वतःहून व्हिडिओ दाखवता येत नव्हता, कॅमेरा वापरता येत नव्हता, आणि एकच जावास्क्रिप्ट एक्सप्लोररमध्ये एक वागायची, फायरफॉक्समध्ये दुसरंच. प्लगइन टाकलं की सगळीकडे सारखं दिसायचं, ही फार मोठी सोय होती. फ्लॅश, जावा ॲपलेट, सगळ्यांचं तेच.

पण प्लगइन म्हणजे दुसऱ्याच्या घरात भाड्याची खोली. घरमालकाने सांगितलं की उठायचं. क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये जुन्या पद्धतीची प्लगइन्स पूर्ण बंद केली, फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये फ्लॅश सोडून बाकीची काढली, मग ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा सपोर्ट संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून ॲडोबीने फ्लॅश प्लेअरमध्येच कंटेंट चालणं अडवलं. सिल्व्हरलाइटचा सपोर्ट १२ ऑक्टोबर २०२१ ला संपला. ज्यांचं ॲप त्यावर होतं त्यांच्या कोडमध्ये एका ओळीचा पण दोष नव्हता. तरी बंद पडलं.

मी स्वतः एका क्लायंटला विक्रीचे चार्ट फ्लॅशमध्ये करून दिले होते, खूप देखणे होते. त्यांच्या मॅनेजरने मीटिंगमध्ये आयफोनवर पान उघडलं आणि चार्टच्या जागी नुसता रिकामा चौकोन. आयफोनवर फ्लॅश कधी आलंच नाही हे मला माहीत होतं, पण फोनवर कोण बघणार असं धरून चाललो होतो. त्या दिवसापासून मी लोकांचं काम प्लगइनवर टाकलेलं नाही.

याउलट ब्राउझरची स्वतःची स्क्रिप्ट बघा. जावास्क्रिप्ट १९९५ ची, ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप या ब्राउझर कंपनीत दहा दिवसांत पहिलं रूप उभं केलं, त्या घाईत राहिलेली एक चूक अशी की 'नल'चा (म्हणजे 'काहीच नाही' या किंमतीचा) प्रकार विचारला तर उत्तर 'ऑब्जेक्ट' येतं. ती दुरुस्त करायचा प्रस्ताव पण आला होता, पण त्याने जुनी पानं मोडली असती म्हणून सोडून दिला, आज कुठलाही ब्राउझर उघडून विचारा, तेच चुकीचं उत्तर मिळेल. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. जुन्या कोडला धक्का लावायचा नाही म्हणून उघड उघड चूक सांभाळणारी माणसं जिथे आहेत, तिथे आपलं काम ठेवावं.

आता तुमच्या स्कॅनरचं. तो कॉम्प्युटरला लावा, साधं नोटपॅड उघडा आणि एखाद्या खोक्यावर मारा. बहुतेक यूएसबी स्कॅनर स्वतःला कीबोर्डच म्हणवतात, म्हणजे कोडचे आकडे टाइप होतात आणि शेवटी एंटर पडतो. तसं झालं तर तुम्हाला प्लगइन लागतच नाही, पानावर एक इनपुट बॉक्स आणि कर्सर त्याच्यातच राहील एवढी काळजी, बस! वेंडरने ज्या गोष्टीचा एवढा बाऊ केलाय ती दोन मिनिटांत तपासून होते, वरच्यांसमोरच करून दाखवा.

वजनकाट्याचं मात्र खरंच बघावं लागेल. तो सिरियल पोर्टवर (आकडे एकामागून एक पाठवणाऱ्या जुन्या पद्धतीच्या जोडणीवर) असेल तर क्रोम आणि एजमध्ये वेब सिरियल नावाची सोय आहे, पान एचटीटीपीएसवर हवं, आणि माणसाने बटण दाबून पोर्ट निवडून परवानगी द्यावी लागते. सफारीत हे चालत नाही, पण काटा एका ठरलेल्या मशीनलाच असतो ना, तिथे क्रोम ठेवा. तेही नाही जमलं तर काट्याच्या मशीनवर एक छोटासा प्रोग्राम, फक्त वजन वाचून पानाला देणारा. तो उद्या बदलावा लागला तर तेवढाच बदलेल, बाकी स्क्रीन्सना हात लागणार नाही.

आणि त्या पहिल्या वेंडरला एक विचारा, तुमचं प्लगइन म्हणजे नेमकं काय? कारण आजच्या क्रोम, एज, फायरफॉक्स, सफारीत जुन्या अर्थाने प्लगइन बसतच नाही. ते एकतर एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरच्याच नियमात चालणारी छोटी जोड असणार नाहीतर मशीनवर टाकायचं सॉफ्टवेअर. सॉफ्टवेअर असेल तर अपडेट कोण करणार, त्याला मशीनवर कशाकशाची परवानगी आहे आणि कंपनी बंद झाली तर त्याचा मूळ कोड मिळणार का, हे लेखी घ्या.

सगळं एकदम फेकू नका. सर्व्हरवरचा कोड (सिल्व्हरलाइटसोबत बहुधा सी शार्प या भाषेतला) आणि डेटाबेस बहुतेक तसाच राहील, लिहायचा आहे तो ब्राउझरमध्ये दिसणारा पुढचा भाग. आयई मोड निदान २०२९ पर्यंत ठेवू असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय, तेवढ्या आधाराने आवक, जावक, रिपोर्ट असा एकेक स्क्रीन हलवा, आवक आधी कारण स्कॅनर तिथेच जास्त लागतो.

प्रश्न : वेबअसेंब्ली म्हणजे पण एक प्रकारचं प्लगइनच झालं ना?

उत्तर : नाही. वेबअसेंब्ली म्हणजे दुसऱ्या भाषांत लिहिलेला कोड ब्राउझरमध्ये वेगाने चालवायची सोय, ती ब्राउझरच्या आतच आहे, वेगळं काही टाकावं लागत नाही, २०१७ पासून चारही मोठ्या ब्राउझरमध्ये आहे आणि जावास्क्रिप्टच्याच सँडबॉक्समध्ये, म्हणजे बाकी मशीनला हात लावू न देणाऱ्या कुंपणात चालते. फोटो एडिटिंग, कॅड अशा जड हिशोबाला घ्या, साध्या फॉर्मला गरज नाही. जुने फ्लॅश गेम आज ब्राउझरमध्ये परत खेळता येतात ते पण हिच्यामुळेच, रफल नावाचा, रस्ट या भाषेत लिहिलेला फ्लॅश प्लेअर वेबअसेंब्ली होऊन पानातच चालतो.