पट्टे, ठिपके आणि काळं कातडं: कोंबड्यांच्या रंगाबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न: पट्टेरी प्लायमाउथ रॉकचा कोंबडा आणि आरआयआरच्या (ऱ्होड आयलंड रेड, तांबडी जात) कोंबड्या एकत्र ठेवल्या. पहिल्या दिवशीच नर-मादी ओळखता येते म्हणतात, पण इथे तर सगळ्याच पिल्लांच्या टाळूवर पांढरा ठिपका आहे.

उत्तर: जोडी उलटी लागली. पट्ट्यांचं जनुक नर-मादी ठरवणाऱ्या झेड गुणसूत्रावर असतं. कोंबड्याकडे दोन झेड असतात, कोंबडीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. कोंबडीचा झेड फक्त नर पिल्लांना जातो, मादी पिल्लांच्या वाट्याला तिचा डब्ल्यू येतो. त्यामुळे पट्टे आईकडे हवेत: कोंबडा आरआयआर, कोंबड्या पट्टेरी. तुमच्याकडे शुद्ध पट्टेरी बापाने पट्टे सगळ्यांनाच वाटले.

आता नुसता कोंबडा बदलून लगेच अंडी उबवायला लावू नका. कोंबडीच्या पोटात जुन्या कोंबड्याचं वीर्य दोन-तीन आठवडे टिकतं. जुना काढल्यावर 3 आठवड्यांची अंडी खा, विका, पण मशीनमध्ये नकोत. पुढे पिल्लं बाहेर येऊन वाळली की पहिल्या 24 तासांत, चांगल्या उजेडात टाळू बघा. काळ्या लवेत ठिपका असेल तर नर, टाळू कोरी काळी असेल तर मादी. पोटाखालची आणि पंखाच्या टोकाची फिकट लव दोघांनाही असते, बरेच जण तिथेच फसतात.

कोंबडा तांबडा दिसतो एवढ्यावर मात्र जाऊ नका, तो शुद्ध आरआयआर हवा. त्याच्यात पांढऱ्या लेगहॉर्न जातीचं प्रभावी, म्हणजे एकाच प्रतीत परिणाम दाखवणारं, पांढरं जनुक असेल तर काही पिल्लांची काळी लवच पांढरी पडते, मग ठिपका शोधणार कुठे? शिवाय ही युक्ती एकाच पिढीची. या संकरातले नर-मादी आपसात लावले तर पुढे साधारण निम्म्या नरांना आणि निम्म्या माद्यांनाही ठिपका येतो.

प्रश्न: निळसर राखाडी रंगाची जोडी 'शुद्ध' म्हणून महाग घेतली. 12 पिल्लांत 4 काळी आणि 3 मळकट पांढरी, शिंतोडे उडवल्यासारखी निघाली. फसवणूक झाली का?

उत्तर: या पिल्लांवरून तरी तसं म्हणता येणार नाही. अँडालुशियन जातीसारखा निळा रंग म्हणजे काळ्यावर 'निळ्या' जनुकाची एकच प्रत. दोन प्रती झाल्या की शिंतोड्यांचा पांढरा, एकही नसेल तर काळा. निळ्याला निळा लावला की हिशोब 1 काळं, 2 निळी, 1 शिंतोड्यांचं असा बसतो. 12 पिल्लांत 3, 6, 3 अपेक्षित, तुमचे 4, 5, 3 त्याच्या अगदी जवळ आहेत. निळा रंग कायमचा 'शुद्ध' करता येत नाही, त्यामुळे ते लेबल मात्र फसवं. सगळी पिल्लं निळी हवीत तर काळ्याला शिंतोड्यांचा जोडीदार द्या. म्हणजे तुम्हाला नको वाटणारी ती 3 पिल्लंच खरी कामाची. लॅव्हेंडर हा फिकट राखाडी रंग वेगळी गोष्ट, ते अप्रभावी जनुक आहे, दोन प्रती असल्या तरच दिसतं, आणि लॅव्हेंडरला लॅव्हेंडर लावला की सगळी तशीच येतात.

प्रश्न: कडकनाथ कोंबडा आणि आरआयआर कोंबडी यांच्या तलंगा (तरुण माद्या) काळ्याभोर आहेत, पण भावंडं कोंबडे पायाने फिके. असं कसं? या तलंगा कडकनाथ म्हणून चालतील का?

उत्तर: चालणार नाहीत. झाबुआच्या कडकनाथला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं वेगळेपण पिसांत नाही, कातड्यात, मांसात आणि हाडांच्या आवरणात आहे. पिसं काळी, सोनेरी, रेघारेघांची, कशीही असू शकतात. उलट ऑस्ट्रेलॉर्प जातीची पिसं गर्द काळी, पण फुंकर मारून पिसं बाजूला करा, कातडं पांढरं.

इथे दोन जनुकं काम करतात. आतला काळा रंग भरणारं जनुक प्रभावी आहे, एक प्रत पुरते. दुसरं त्या रंगाला दाबणारं, ते झेडवर बसतं आणि आरआयआरकडे असतं. आरआयआर आईने ते फक्त मुलग्यांना दिलं, म्हणून ते फिके. मुलींना दाबणारं जनुक मिळालंच नाही, म्हणून त्या काळ्या. आरआयआर कोंबडा आणि कडकनाथ कोंबडी असती तर नर-मादी दोन्ही फिके आले असते.

या तलंगांना शुद्ध कडकनाथ कोंबडा लावला तर पिल्लं काळीच दिसतील आणि भेसळ झाकली जाईल. भावंडांत जोडी लावली तर मात्र साधारण 8 पैकी 5 पिल्लं काळ्या कातड्याविना येतील. पैदाशीसाठी कडकनाथ घेताना म्हणूनच एकटी काळी तलंग पाहू नका. तिचे भाऊ मागवा, चोच उघडून जीभ पाहा, तुरा आणि पायही पाहा.

प्रश्न: आरआयआर कोंबडीचा रंग उडालाय. जात बिघडली?

उत्तर: नाही. उन्हाने आणि झिजेने पिसं फिकटली आहेत. पिसं झडून नवी आली की तांबडा रंग परत दिसेल.