वाचकांचे प्रश्न : ‘व्हिटा’ का चालला नाही?

प्रश्न : एका मित्राकडून सोनीचा जुना ‘प्लेस्टेशन व्हिटा’ (हातात धरून गेम खेळायचे यंत्र) विकत घेण्याच्या विचारात आहे. स्क्रीन, बटणे, वेग, सारेच सरस वाटले. मग तो बाजारात आपटला कसा? मोबाइलवरच्या गेममुळे, असे सगळे सांगतात. ते खरे का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मोबाइलचे कारण खोटे नाही, पण सोयीचे आहे. त्याच काळात, त्याच मोबाइलच्या लाटेत निन्टेंडो या प्रतिस्पर्धी कंपनीचा तसाच हातात धरायचा ‘थ्रीडीएस’ साडेसात कोटींहून अधिक खपला. सोनीच्याच आधीच्या ‘पीएसपी’चा खपही साधारण तेवढाच होता. व्हिटाचे आकडे मात्र कंपनीने पुढे स्वतंत्रपणे जाहीर करणेच थांबवले, यातच काय ते आले.

पहिली चूक नखाएवढ्या मेमरी कार्डाची. २०११ च्या मूळ व्हिटात गेम साठवण्यासाठी अंतर्गत जागा जवळजवळ नव्हतीच आणि बाजारातले साधे कार्ड त्यात चालत नसे. सोनीचेच खास कार्ड घ्यावे लागे. अमेरिकेत यंत्र २५० डॉलरचे, तर ३२ जीबीचे कार्ड १०० डॉलरचे. पीएसपीवर चोरट्या प्रतींचा सुळसुळाट झाला होता, त्यामुळे कंपनीची धास्ती समजण्यासारखी आहे. पण चोरांचा दंड तिने गिऱ्हाइकाकडून वसूल केला. निन्टेंडोने मात्र थ्रीडीएस मंदावल्याचे दिसताच, ऑगस्ट २०११ मध्ये, त्याची किंमत २५० वरून १७० डॉलरवर आणली आणि त्या यंत्रासोबत २ जीबीचे साधे एसडी कार्डही मिळत होते.

तरीही माझ्या मते खरा घाव ‘मॉन्स्टर हंटर’चा होता. चौघांनी यंत्रे घेऊन शेजारी-शेजारी बसायचे आणि मिळून शिकार करायची, या एका खेळाने जपानमध्ये पीएसपीला पाय रोवून दिले होते. तो खेळ बनवणाऱ्या कॅपकॉम कंपनीने त्याचा नवा भाग थ्रीडीएसवर आणला, तो १० डिसेंबर २०११ रोजी. व्हिटा जपानमध्ये दुकानात आला, तो १७ डिसेंबरला. ज्या खेळासाठी पीएसपीवाल्याने डोळे मिटून नवे यंत्र घेतले असते, तो आठवडाभर आधीच शेजारच्या फळीवर जाऊन बसला होता.

पुढचे दुष्टचक्र ओळखीचेच आहे : यंत्रे कमी, म्हणून गेम कमी आणि गेम कमी, म्हणून यंत्रे कमी. २०१३ मध्ये किंमत उतरली, नव्या आवृत्तीत १ जीबी अंतर्गत जागाही आली. पण त्याच वर्षी टीव्हीला जोडून खेळायचा ‘प्लेस्टेशन ४’ आला आणि सोनीचे स्वतःचे स्टुडिओही तिकडे वळले. छोट्या निर्मात्यांच्या गेमवर व्हिटाने पुढे तग धरला. त्याचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले.

व्यवहार ठरवण्याआधी यंत्राच्या खालच्या कडेची छोटी झडप उघडून मेमरी कार्ड आत आहे का, ते पाहा. त्या खाचेत दुसरे कोणतेही कार्ड चालणार नाही.