दोन देशांची तुलना दोन मिनिटांत होत नाही

प्रश्न: माझी मुलगी अर्थशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. व्हिएतनाम आणि दक्षिण आफ्रिका येथील लोकांच्या राहणीमानाची तुलना हा विषय तिने प्रकल्पासाठी घेतला असून पुढे विकासाच्या अर्थशास्त्रातच एम.ए. करायचे असे म्हणते. कोणत्या देशातले लोक बरे राहतात हे दरडोई उत्पन्न पाहून दोन मिनिटांत कळते, त्यासाठी दोन वर्षे कशाला घालवायची? तिला सांख्यिकीत 54 गुण आहेत. मी तिचा एमबीए सीईटीचा अर्ज भरून टाकला आहे. तिची समजूत कशी घालावी? – एक पालक

उत्तर: स. न. वि. वि.

गुणपत्रिका आणि प्रकल्पाची रूपरेषा यांसोबत तुम्ही भरलेल्या अर्जाची प्रतही पाठवली आहे, आणि मला खरी काळजी वाटली ती त्या अर्जाची. त्यावर मोबाइल क्रमांक तुमचा आहे, ई-मेल तुमचा आहे. म्हणजे ओटीपी तुम्हाला येणार, प्रवेशपत्र तुम्ही उतरवून घेणार आणि परीक्षेला मात्र ती बसणार. सज्ञान मुलीच्या भवितव्याचा निर्णय तिच्या सहीखेरीज इतका पुढे गेलेला असताना तुम्ही माझ्याकडे सल्ला मागत नसून शिक्कामोर्तब मागत आहात, असे मला स्पष्ट म्हणावे लागते. समजूत घालण्याच्या युक्त्या मी सांगणार नाही. व्यवस्थापनाचे शिक्षण वाईट नाही, परंतु ज्याला ते नको आहे अशा विद्यार्थ्याच्या गळ्यात मारले की दोन वर्षांचे शुल्क भरून झाल्यावर नोकरीच्या मुलाखतीत 'हेच क्षेत्र का?' या पहिल्याच प्रश्नाला तो अडखळतो, आणि तेव्हा उत्तर द्यायला वडील शेजारी नसतात. विषय का आवडतो हे तुम्ही मुलीला विचारलेत का, याचा पत्रात कुठेही उल्लेख नाही.

आता तुमच्या 'दोन मिनिटां'विषयी. 2023 साली दक्षिण आफ्रिकेचे दरडोई उत्पन्न सुमारे 6,000 डॉलर आणि व्हिएतनामचे सुमारे 4,300 डॉलर होते. म्हणजे तुमच्या पद्धतीने दक्षिण आफ्रिका जिंकली. हेच आकडे बाजारातील विनिमय दराऐवजी क्रयशक्तीनुसार, म्हणजे त्या पैशात तिथे प्रत्यक्षात काय विकत घेता येते ते पाहून मांडले, तर हे अंतर जवळजवळ मिटते. सरासरी आयुर्मान पाहिले तर निकालच उलटतो, कारण व्हिएतनाममध्ये ते सुमारे 74 वर्षे आणि दक्षिण आफ्रिकेत सुमारे 66 वर्षे आहे. 1990च्या आसपास साठीच्या पुढे असलेले दक्षिण आफ्रिकेचे आयुर्मान एचआयव्हीच्या साथीमुळे 2005च्या सुमारास पन्नाशीच्या मध्यापर्यंत खाली आले होते, आणि 2004पासून सरकारी दवाखान्यांतून औषधोपचार मिळू लागल्यावर ते हळूहळू सावरले. पण त्याच काळात तिथली अर्थव्यवस्था वाढत होती, त्यामुळे केवळ उत्पन्नाचा तक्ता पाहणाऱ्याला या शोकांतिकेचा पत्ताही लागला नसता. शिवाय दक्षिण आफ्रिका हा जगातील सर्वांत विषम देशांपैकी एक आहे आणि अलीकडच्या वर्षांत तिथली बेरोजगारी 30 टक्क्यांच्या वर राहिली आहे, तेव्हा तिथली सरासरी नेमकी कोणाची, हा प्रश्न उरतोच. नेमक्या याच कारणासाठी पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी अमर्त्य सेन यांच्या साहाय्याने 1990 साली आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न यांना एकत्र घेणारा मानव विकास निर्देशांक पुढे आणला. त्यात आज व्हिएतनाम दक्षिण आफ्रिकेच्या वर आहे. अर्थात तो निर्देशांकही अंतिम शब्द नव्हे, कारण मत मांडण्याचे स्वातंत्र्य तो मोजत नाही आणि व्हिएतनाममध्ये एकपक्षीय राजवट आहे.

मुलीलाही दोन शब्द सुनावणे भाग आहे. तिची रूपरेषा उत्साही पण ढिसाळ आहे. तिने संकेतस्थळांवरची तयार मानांकने गोळा केली आहेत, ती कशी काढली जातात याची चौकशी केलेली नाही. 'नळाचे पाणी असलेली कुटुंबे' हा एकच रकाना घ्या. नळ घरात आहे, अंगणात आहे की रस्त्यावर सार्वजनिक आहे, यावर घरातल्या बाईचा दिवस कसा जातो ते ठरते. दक्षिण आफ्रिकेचे किमान सेवेचे मापच माणशी रोज 25 लिटर पाणी घरापासून 200 मीटरच्या आत, असे आहे. खर्चाच्या पाहण्यांतही हेच घडते. आपल्याकडे 1999-2000च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत अन्नावरील खर्च सात दिवसांचा आणि तीस दिवसांचा असा दोन्ही प्रकारे एकाच प्रश्नावलीत विचारला गेला, त्यामुळे एका उत्तराचा दुसऱ्यावर परिणाम झाला आणि खर्चावरूनच मोजली जाणारी गरिबी नक्की किती घटली यावर अर्थतज्ज्ञ पुढे वर्षानुवर्षे वाद घालत राहिले. या क्षेत्रातले खरे काम हे असे असते, आणि त्यासाठी 54 गुणांची सांख्यिकी पुरणार नाही. गुण कमी आहेत म्हणून दार बंद होत नाही, पण सांख्यिकीची नावड असेल तर हा मार्ग तिच्यासाठी नाही, हे तिने स्वतःशी मान्य करावे.

ते तपासणे सोपे आहे. दक्षिण आफ्रिकेने 2008 ते 2017 या काळात त्याच त्या माणसांकडे पुन्हा पुन्हा जाऊन केलेल्या उत्पन्नविषयक पाहणीची विदा (डेटा) केपटाऊन विद्यापीठातील डेटाफर्स्ट या केंद्राकडून संशोधनासाठी विनाशुल्क मिळते, आणि सांख्यिकीसाठी वापरले जाणारे 'आर' हे सॉफ्टवेअरही फुकट आहे. तिने सुट्टीत त्यातील एकच प्रश्न घ्यावा: पहिल्या फेरीत गरीब असलेली किती माणसे शेवटच्या फेरीत गरीब राहिली नाहीत? विदा साफ करताना ती कंटाळली, तर एमबीएचा विचार तिने जरूर करावा, पण स्वतःच्या मोबाइलवरून. रमली, तर एम.ए.साठी सीयूईटी-पीजी ही केंद्रीय विद्यापीठांची प्रवेश परीक्षा आणि त्यानंतर भारतीय आर्थिक सेवेची परीक्षा हे मार्ग माहितीचे आहेत, त्यांवर शब्द खर्च करत नाही.

पगाराबद्दल तुम्ही पत्रात विचारले नसले तरी ती शंका असणारच. संशोधन संस्था, पाहणी करणाऱ्या कंपन्या आणि स्वयंसेवी संस्था यांतली सुरुवात एमबीएच्या चांगल्या नोकरीच्या तुलनेत कमी पैशांची असते. ज्याला विदा हाताळता येते त्याची पुढे बढती होते, आणि ज्याला फक्त निबंध लिहिता येतो तो तिथेच अडकतो. हा फरक तुम्ही दोघांनी एकत्र बसून बोलावा, आणि तोवर अर्जाचे शुल्क भरले नसेल तर भरू नये.